शेतकऱ्यांच्या गावातली बँक

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातले ओवाटोना हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाच-सहा हजार वस्तीचे गाव होते. शेती आणि दूधदुभते हाच तिथला मुख्य व्यवसाय. या गावाच्या भर बाजारपेठेत, बागेसमोरच्या कोपऱ्यावर १९०८ मध्ये ‘नॅशनल फार्मर्स बँके’ची नवी इमारत उभी राहिली.

त्या काळात बँक म्हटली की ग्रीक-रोमन देवळांसारखे खांब हवेत, असा संकेतच होता. बँकेचे उपाध्यक्ष कार्ल बेनेट यांना तो मान्य नव्हता. १९०६ मध्ये ‘द क्राफ्ट्समन’ मासिकात लुई सलिव्हन यांचा वास्तुकलेवरचा लेख त्यांनी वाचला आणि काम त्यांच्याकडेच सोपवले. उंच इमारतींना स्वतःचे रूप देणारे शिकागोचे वास्तुरचनाकार म्हणून सलिव्हन एकेकाळी गाजले होते. मात्र १८९५ मध्ये डँकमार ॲडलर यांच्याशी असलेली भागीदारी तुटली आणि हातातली कामे आटत गेली. अशा पडत्या काळात एका लहान गावाने त्यांच्यावर विश्वास टाकला, ही बेनेट यांची दूरदृष्टीच.

इमारतीचा मुख्य भाग चौकोनी पेटीसारखा आहे. खाली तांबूस वालुकाश्म, वर विटा. या विटा एकरंगी नाहीत. लालसर, तपकिरी अशा अनेक छटांच्या मिसळणीमुळे सबंध भिंत विणलेल्या वस्त्रासारखी दिसते. रस्त्याकडच्या दोन्ही भिंतींत एकेक प्रचंड कमान असून तिच्यात रंगीत काच बसवली आहे. तिच्यातून दालनात हिरवट-सोनेरी उजेड उतरतो. ऑस्कर ग्रॉस यांनी आतल्या भिंतींवर काढलेल्या चित्रांत गाई आहेत, सुगी आहे; म्हणजे ज्यांचे पैसे तिथे जमा होत, त्यांचेच जग. छतापासून लोंबणारे ओतीव लोखंडाचे चार दिवे तर प्रत्येकी दोन टनांहून जड आहेत. त्यांच्यावरची पानाफुलांची नक्षी मुख्यतः सलिव्हन यांचे सहकारी जॉर्ज एल्मस्ली यांच्या हातची. श्रेय देताना त्यांचे नाव मागे पडते, ते योग्य नाही.

सलिव्हन यांना पुढेही छोट्या गावांतल्या बँकांची कामे मिळाली, पण हलाखी सरली नाही. १९२४ मध्ये शिकागोत त्यांचे निधन झाले. शेतीच्या मंदीत १९२६ मध्ये बेनेट यांची बँकही बुडाली. इमारत दुसऱ्या बँकेकडे गेली. १९४०च्या सुमारास झालेल्या फेरफारांत रोखपालांच्या खिडक्यांच्या नक्षीदार जाळ्या काढून टाकल्या गेल्या. हे नुकसान भरून येणारे नव्हते. १९५०च्या दशकात हार्वेल हॅमिल्टन हॅरिस यांनी नूतनीकरण केले, तेव्हा मात्र मूळ रूपाची बूज राखली. १९७६ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला आणि १९८१ मध्ये टपाल तिकिटावर तिचे चित्र आले. शंभरी उलटल्यावरही तिथे बँकेचेच व्यवहार चालत होते. ही वास्तू टिकली, त्यात या रोजच्या वापराचा वाटा सर्वांत मोठा आहे.