श्राद्ध सोडले; आजीचे स्मरण कसे करणार?



घरातील वृद्ध माता निवर्तली म्हणजे आपण जलदानविधी करतो. त्रिशरण-पंचशील होते, भगवान बुद्धांच्या व बाबासाहेबांच्या प्रतिमांना पुष्पहार अर्पण होतात, आणि मग भाषणे सुरू होतात. दिवंगत माता प्रेमळ होत्या, कष्टाळू होत्या, मनमिळाऊ होत्या, असे पहिला वक्ता सांगतो. दुसरा उभा राहतो, तोही तेच सांगतो. ज्या बाईने ऐंशी-नव्वद वर्षे संसाराचा गाडा ओढला, तिच्या वाट्याला अखेर तीन विशेषणे येतात. तिचे माहेरचे नाव काय, असे कोणी विचारलेच तर नातवंडे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतील सहावीने आपण श्राद्धपक्षाचा व पिंडदानाचा त्याग केला. अलीकडे दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनीही तो केला. योग्यच केले. पिंडाला कावळा शिवतो की नाही याची वाट पाहण्यात मृताचे स्मरण कोठेच नव्हते. नाव-गोत्र उच्चारले की काम भागत असे. परंतु एक रूढी टाकली म्हणजे तिच्या जागी काय ठेवायचे, हा प्रश्न उरतोच. आपण त्या जागी पुष्पहार ठेवला आहे, आणि तो दुसऱ्या दिवशी सुकतो.

माझे मत असे की आजीचे जीवन तिच्या हयातीतच, तिच्याच शब्दांत लिहून ठेवावे. बौद्ध घराला शोभणारे दुसरे श्राद्ध मला तरी दिसत नाही.

यावर कोणी म्हणेल, ‘आमची आजी निरक्षर, तिने असे काय केले?’ अशा गृहस्थांनी थेरीगाथा पाहावी. ‘थेरी’ म्हणजेच ज्येष्ठ भिक्षुणी. तीत ७३ गाथा आहेत, आणि त्या स्त्रियांच्या स्वतःच्या आवाजात आहेत. त्यांतील सोणा ही दहा अपत्यांची माता. शरीर जीर्ण झाल्यावर ती भिक्षुणीकडे गेली. तिने आपली बाळंतपणे वगळली नाहीत, म्हातारपणही झाकले नाही. म्हातारीचे आयुष्य जतन करण्याजोगे असते, ही गोष्ट आपल्या धम्माला नवी नाही. आपणच ती विसरलो आहोत.

जवळचे उदाहरण घ्या. शांताबाई कांबळे यांचा जन्म १ मार्च १९२३ रोजी सोलापूर जिल्ह्यातील महूद येथे झाला. अस्पृश्य मुलीने शाळेत जाणे हेच ज्या काळी नवल, त्या काळात त्या शिकल्या आणि १९४२ पासून शिक्षिका झाल्या. दलित पँथरच्या चळवळीतील अरुण कांबळे हे त्यांचे पुत्र. निवृत्तीनंतर त्यांनी आपली जीवनकथा लिहावयास घेतली, आणि मराठीतील दलित स्त्रीचे पहिले आत्मचरित्र म्हणून ती ओळखली जाते. जानेवारी २०२३ मध्ये, वयाची शंभरी अवघ्या काही आठवड्यांवर असताना, त्या गेल्या. त्या पुस्तकाचे नाव ‘माज्या जल्माची चित्तरकथा’. आयुष्यभर मुलांना शुद्धलेखन शिकविलेल्या बाईंनी ‘माझ्या जन्माची’ असे लिहिले नाही! आपल्या घरातील सुशिक्षित नातवाने वही हाती घेतली की तो प्रथम आजीची भाषा ‘सुधारतो’. कृपा करून तसे करू नका. ती ‘व्हतं’ म्हणाली तर ‘व्हतं’च लिहा.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. फलटणच्या बेबीताई कांबळे (१९२९-२०१२) लहानसे दुकान चालवीत. पुड्या बांधण्यासाठी आलेली रद्दी वाचता वाचता त्यांचे वाचन वाढले. ‘जिणं आमुचं’ त्यांनी लिहिले खरे, पण ते लिखाण सुमारे वीस वर्षे पतीपासून व घरच्यांपासून लपवून ठेवले. चळवळीला वाहिलेल्या घरातील ही स्थिती! तेव्हा आजीला बोलते करताना ती आजोबांविषयी काय सांगेल, याची तयारी ठेवा. तिने मार खाल्ला असेल तर तेही वहीत आले पाहिजे. आजोबांची प्रतिमा भिंतीवर आहे म्हणून आजीचे तोंड बंद करावे, हे मला मान्य नाही.

काय विचारावे, हे सुचत नसेल तर दीक्षेपासूनच आरंभ करा. नागपूरला कोण गेले, पांढरे लुगडे कोठून आणले, भाकरी किती दिवसांच्या बांधल्या? देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडताना तिच्या आईला काय वाटले? धीर वाटला की भीती? कदाचित एखादा टाक कणगीत धान्याखाली बरीच वर्षे दडवून ठेवला होता, असेही ऐकावयास मिळेल. ऐकून चिडू नका. पिढ्यान्‌पिढ्यांचे भय एका दिवसात टाकणे किती कठीण होते, हे त्या दडवलेल्या टाकावाचून तुमच्या मुलांना कळणार नाही. येसकरकी कोणी सोडली, मेलेले ढोर ओढणे कोणत्या वर्षी बंद झाले, आणि त्या वर्षी चूल कशी पेटली, हेही विचारा.

विलंबाला मात्र आता जागा नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी रीत व अंगावरचे जड दागिने टाकावयास सांगितले. घरी परतल्यावर त्या स्त्रियांना कोण काय बोलले, हे सांगणारी एकही आज उरलेली नाही. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी चळवळीतील वृद्ध स्त्रियांना शोधून त्यांच्या हकीकती ऐकल्या आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्यांनी दहा वर्षे दिरंगाई केली असती तर त्यांतील किती आवाज हाती लागले असते? १९५६ साली जी मुलगी दहा वर्षांची होती, ती आज ऐंशीच्या घरात आहे. सायंकाळी तिला झोप लवकर येते, आणि तिच्याशी बोलावयास आपल्याला सवड नसते.

पुढल्या खेपेस गावी जाल तेव्हा दोनशे पानी वही सोबत न्या. खिशातल्या मोबाईलवर तिचा आवाजही मुद्रित करा, पण वही चुकवू नका. पहिल्या पानावर तिचे नाव लिहा; सासरचे, आणि तिला आठवत असेल तर माहेरचेही.