विश्लेषण : पाना एकच, नावे दहा! बॅटरीवरच्या इम्पॅक्ट रेंचमध्ये नेमका फरक कशात?

खरेदीच्या कोणत्याही ॲपवर ‘कॉर्डलेस इम्पॅक्ट रेंच’ शोधून पाहा. दोन-तीन स्क्रीन खाली सरकवल्या की एक गोष्ट खटकू लागते. हँडल तेच, डोके तेच, ट्रिगरजवळचा छोटा दिवा तोच. रंग आणि नाव तेवढे बदलते. दोन बॅटऱ्यांसह किटची किंमत मात्र कुठे चार हजार, कुठे सात हजार. आणि नामांकित कंपनीचा किट घ्यायचा तर आकडा पंधरा-वीस हजारांच्या पुढे जातो.

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत चौकशी केली तरी ‘माल सेमच आहे, ब्रँडचे पैसे आहेत’ हे ठरलेले उत्तर मिळते. ते अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्यात टायरवाल्याची वर्षभराची बचत, ग्राहकाच्या गाडीच्या चाकाचा स्टड आणि क्वचित दुकानात लागणारी आगही दडलेली असते.

हे यंत्र काम कसे करते?

गॅरेजच्या भाषेत ही ‘बॅटरीची गन’. हवेच्या गनला कॉम्प्रेसर आणि पाइप लागतो, हिला काहीच लागत नाही. आतली मोटर एका जड पोलादी हातोड्याला फिरवते. नट मोकळा असेपर्यंत सगळे एकत्र फिरते. नट अडला की हातोडा स्प्रिंगवर मागे सरकतो आणि झटक्याने पुढे येऊन टोकाच्या दांड्यावर आघात करतो. ड्रिल मशीन अडले की मनगट पिरगळते, ही गन मात्र एका हाताने धरता येते ती यामुळेच. एका मिनिटात असे दोन-तीन हजार आघात होतात.

त्यामुळे गनची ताकद मोटरबरोबरच हातोड्याचे वजन, त्याच्या पोलादाला दिलेले पाणी आणि बॅटरी किती जोराने वीज ओतू शकते यावर ठरते. यातले काहीच बाहेरच्या प्लास्टिकवर दिसत नाही. कव्हर एका साच्यातून निघाले म्हणजे आतला ऐवजही तोच, असे मानणे इथेच चुकते.

‘सेम’ म्हणजे कोणत्या अर्थाने?

‘दोन्ही एकाच कंपनीचे’ या वाक्याचे बाजारात दोन वेगळे अर्थ होतात आणि ग्राहकाची फसगत बहुतेक वेळा त्यांच्या सरमिसळीतून होते.

पहिला अर्थ मालकीचा. डीवॉल्ट, स्टॅनले, ब्लॅक अँड डेकर आणि क्राफ्ट्समन ही चारही नावे अमेरिकेच्या स्टॅनले ब्लॅक अँड डेकर या एकाच समूहाची. हाँगकाँगच्या टेकट्रॉनिक इंडस्ट्रीजकडे २००५ पासून मिलवॉकी आहे आणि परवान्याखाली रिओबीची हत्यारेही तीच कंपनी बनवते. म्हणून रिओबी म्हणजे ‘स्वस्तातली मिलवॉकी’ नव्हे. मोटर वेगळी, गिअर वेगळे, ग्राहकवर्ग वेगळा आणि मुख्य म्हणजे एकाची बॅटरी दुसऱ्याला बसत नाही. मालक एक असला तरी माल एक नसतो.

दुसरा अर्थ खरोखर एकाच यंत्राचा. याचे सरळ उदाहरण जपानचे आहे. हिताची कोकी ही कंपनी हिताची समूहातून बाहेर पडल्यावर २०१८ मध्ये तिच्या हत्यारांवरचे हिताची हे नाव गेले आणि जगभर हायकोकी आले. अमेरिकेत मात्र तोच माल ‘मेटाबो एचपीटी’ या नावाने विकला जातो. गंमत अशी, की मेटाबो ही जर्मन कंपनी त्याच समूहात असूनही तिच्या यंत्रांना मेटाबो एचपीटीची बॅटरी चालत नाही. नाव जवळजवळ तेच, खाच वेगळी!

आपल्याकडच्या ॲपवर दिसणारी बहुतेक जुळी भावंडे या दुसऱ्या प्रकारातली, पण आणखी एका पायरीने पुढची. चीनच्या झेजियांग प्रांतातले योंगकांग हे शहर तिथल्या हार्डवेअर उद्योगाची राजधानी म्हणून ओळखले जाते. अशा भागांतले कारखाने तयार साच्यातली यंत्रे कोणाच्याही नावाने देतात. मागणी नोंदवणारा रंग सांगतो, स्टिकर पाठवतो आणि किंमतही सांगतो. खरी मेख या किमतीत आहे. त्याच साच्यात तांब्याची वाइंडिंग कमी, सेल हलके, स्विच साधा असा माल काही डॉलर कमी दराने मिळू शकतो. दोन स्टिकरखालची दोन यंत्रे बाहेरून जुळी असूनही आतून वेगळी निघतात ती अशी. उलट चार हजारांचा आणि सात हजारांचा किट आतून तंतोतंत एकच निघणेही अशक्य नाही.

म्हणून ‘चिनी म्हणजे टाकाऊ’ हा निकषही कामाचा नाही. मकिता, बॉश यांचेही कारखाने चीनमध्ये आहेत. माल कुठे बनला यापेक्षा तो कोणी, काय ठरवून बनवून घेतला हे महत्त्वाचे.

१८ व्होल्ट, २१ व्होल्ट की थेट २८८?

या गनच्या बॅटरीत लिथियम-आयन सेल एकामागोमाग जोडलेले असतात. एका सेलचा नेहमीचा दाब ३.६ व्होल्ट. पाच सेल म्हणजे १८ व्होल्ट. पूर्ण चार्ज केल्यावर तोच सेल ४.२ व्होल्टपर्यंत चढतो, म्हणजे पाच सेलचे २१ व्होल्ट. एका कंपनीचे ‘१८’, डीवॉल्टचे ‘२० मॅक्स’ आणि अनोळखी नावाचे ‘२१’ ही तिन्ही लेबले त्याच पाच सेलची आहेत. डीवॉल्ट निदान बारीक अक्षरात हे मान्य करते, की २० हा भार नसतानाचा सुरुवातीचा दाब आहे आणि नेहमीचा दाब १८ व्होल्टच. तीन सेलच्या १०.८ व्होल्टला ‘१२’ म्हणण्याची रीतही त्याच घराण्यातली.

यापुढे मात्र विनोद सुरू होतो. काही किटवर ४८, ८८, १२८ आणि अगदी २८८ असे आकडे छापलेले असतात, पुढे ‘व्हीएफ’सारखी अक्षरे. खोललेल्या बॅटरीत सेल पाचच निघतात. व्होल्ट असे थेट न लिहिता त्यासारखे दिसणारे काहीतरी लिहिले, की आकडा कितीही फुगवता येतो.

क्षमतेचेही तेच. ‘१५,००० एमएएच’ असा दावा दिसला तर तो बहुधा ३,००० च्या पाच सेलची बेरीज असतो. ही बेरीजच चूक आहे. एकामागोमाग जोडल्यावर व्होल्ट वाढतात, ॲम्पिअर-तास तेवढेच राहतात. दोन बॅटऱ्यांची तुलना करायची तर व्होल्ट गुणिले ॲम्पिअर-तास, म्हणजे वॅट-तास हा एकच आकडा धरावा. १८ व्होल्ट आणि ४ ॲम्पिअर-तास म्हणजे ७२ वॅट-तास.

घरचा वजनकाटाही इथे उपयोगी पडतो. जुन्या मापाचा, १८ मिलिमीटर जाडीचा एक सेल साधारण ४५ ते ४८ ग्रॅमचा असतो आणि जोरात वीज देणाऱ्या प्रकारात त्याची क्षमता दोन ते तीन ॲम्पिअर-तास असते. २१ मिलिमीटरचा जाड सेल सुमारे ७० ग्रॅमचा, चार ते पाच ॲम्पिअर-तासांचा. म्हणजे ५ ॲम्पिअर-तासांच्या पाच सेली बॅटरीत नुसत्या सेलचेच वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास हवे. ‘१० ॲम्पिअर-तास’ लिहिलेली बॅटरी कव्हरसकट चारशे ग्रॅम भरली, तर पुढचे काही तपासायची गरज उरत नाही.

टॉर्कचा कोणता आकडा खरा?

टॉर्क म्हणजे पिळण्याचे बळ, ते न्यूटन मीटरमध्ये मोजतात. इथे नामांकित कंपन्याही धुतल्या तांदळाच्या नाहीत. घट्ट करण्याचा टॉर्क वेगळा आणि अडकलेला नट सोडवण्याचा वेगळा. दुसरा नेहमी मोठा असतो आणि जाहिरातीत तोच ठळक छापतात. बॉशच्या १८ व्होल्टच्या एका मोठ्या मॉडेलसाठी हे आकडे १,००० आणि १,६०० न्यूटन मीटर आहेत. मकिताच्या मधल्या आकाराच्या गनसाठी ७०० आणि १,०००. मिलवॉकीच्या मोठ्या गनसाठी सुमारे १,३५६ आणि १,८९८. या कंपन्या दोन्ही आकडे देतात. अनोळखी नावाच्या किटवर बहुतेक वेळा एकच आकडा असतो आणि तो कशाचा हे लिहिलेले नसते. अमेरिकी पानावरचा आकडा फूट-पौंडात असेल तर त्याला १.३५६ ने गुणावे लागते, हेही तुलना करताना सुटते.

पण गरज किती आहे? छोट्या मोटारीच्या चाकाचे नट साधारण ८० ते १२० न्यूटन मीटरवर बसवायचे असतात. जड ट्रकच्या २२ मिलिमीटरच्या स्टडला सहाशेच्या आसपास लागते. म्हणजे मोटारीसाठी अडीचशे-तीनशेची खरी गन पुष्कळ झाली. अडचण उलट बाजूने येते. मोठी गन मोटारीच्या नटावर दोन-तीन सेकंद जास्त दाबून धरली की स्टड ताणला जातो किंवा आटे जातात. तो तिथे तुटत नाही, पुढे कधीतरी घाटात तुटतो. म्हणून नट सोडवायला गन आणि शेवटचे घट्ट करायला टॉर्कचा पाना, ही शिस्त कोणत्याही ब्रँडपेक्षा महत्त्वाची. सॉकेट, म्हणजे गोटीही काळ्या रंगाची, इम्पॅक्टसाठी बनवलेली हवी. चकचकीत क्रोमची गोटी आघाताने फुटू शकते.

मग जास्तीचे पैसे कशाचे?

सर्वाधिक बॅटरीचे. गन जोरात चालते तेव्हा ती बॅटरीतून तीस-चाळीस ॲम्पिअर किंवा त्याहूनही जास्त ओढते. पॉवर बँकेतला सेल दिसायला तसाच असतो, पण इतका प्रवाह देताना त्याचा दाब कोसळतो आणि तो तापतो. चांगल्या बॅटरीत प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारे सर्किट असते. तापमान वाढले किंवा दाब फार उतरला तर ते पुरवठा तोडते. स्वस्त किटमध्ये या सर्किटात काटछाट होते आणि चार्जर म्हणजे नुसता अडॅप्टर असतो. तो रात्रभर लावून दुकान बंद करून जाणे ही सर्वांत धोकादायक सवय.

बाजारातल्या कित्येक अनोळखी गन मकिताच्या खाचेची नक्कल करतात. हे सोयीचे वाटते, पण खाच जुळली म्हणून बॅटरी आणि यंत्रातला संवाद जुळतोच असे नाही. युरोपात मेटाबोच्या पुढाकाराने २०१८ पासून अनेक कंपन्यांनी एकच बॅटरी स्वीकारली आहे. ती ठरवून केलेली जुळवणी, ही चोरून केलेली.

वर्षातून दोनदा स्वतःची स्टेपनी बदलणाऱ्याला चार हजारांची गन पुरेल, त्याने वीस हजार घालवण्यात अर्थ नाही. रोज वीस-पंचवीस चाके उतरवणाऱ्याने मात्र हिशेब यंत्राचा न करता दुसऱ्या बॅटरीचा, स्विचचा आणि हातोड्याच्या जोडीचा करावा. ते सुटे भाग आपल्या जिल्ह्यात मिळतात का? ‘पूर्ण गन बदलून देऊ’ असे सांगणाऱ्याकडे सुटे भाग नसतात, हे उघड आहे.

खोक्यावर काय पाहावे?

वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या वैधमापन नियमांनुसार उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीसाठीचा संपर्क छापणे बंधनकारक आहे. लिथियम बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोची खूण, आयएस १६०४६ हा क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. दोन वेगळ्या नावांच्या किटवर आयातदार एकच निघाला, तर निदान माल एकाच दारातून आला हे तरी कळते.

नियमांतल्या या यादीत टॉर्क मात्र नाही. घट्ट करण्याचा टॉर्क, प्रत्यक्ष व्होल्ट आणि वॅट-तास या तीन गोष्टी खोक्यावर आणि ॲपच्या पानावर सक्तीच्या केल्या, तर २८८ ची दुकाने एका दिवसात बंद होतील. पंखा आणि फ्रिजवर ऊर्जेचे तारे छापून घेणाऱ्या सरकारला हे अवघड नाही.

तोवर आहे त्या कायद्याचा उपयोग करता येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर स्वतःचे नाव लावणाराही ‘उत्पादक’च ठरतो. सदोष वस्तूने इजा किंवा नुकसान झाले तर ‘आम्ही फक्त स्टिकर लावतो’ ही पळवाट त्याला नाही. उत्पादकाचा पत्ताच लागत नसेल तर विक्रेत्यावरही जबाबदारी येऊ शकते. व्यवसायासाठी घेतलेली वस्तू सहसा या कायद्यात बसत नाही, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली बसते. म्हणजे एकट्याने टायरचे दुकान चालवणाराही ग्राहक म्हणून दाद मागू शकतो. त्यासाठी मॉडेल क्रमांक लिहिलेले पक्के बिल लागते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.