साहेबाचे भूत आणि आपला विसर

भुताच्या गोष्टींना माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. पिंपळावरचा मुंजा, विहिरीतली हडळ, अमावास्येला निघणारी वेताळाची पालखी यांच्या संगतीतच आपल्यापैकी बहुतेकांचे बालपण गेले. भूत आहे की नाही, या वादात मला पडायचे नाही. माझा प्रश्न निराळा आहे. आपण भूत कोणाचे करतो, आणि कोणाला साधे भूत होण्याचाही मान देत नाही?

मुंबईला सहल गेली, की अपोलो बंदरावर उभे राहून कोणीतरी ताजमहाल हॉटेलची गोष्ट हमखास सांगतो. एका इंग्रज वास्तुशिल्पज्ञाने म्हणे हॉटेलचा नकाशा काढला आणि तो विलायतेला गेला. परत येऊन पाहतो तो काय, देशी कारागिरांनी नकाशा उलटा धरून इमारत बांधलेली! पुढची बाजू मागे आणि मागची पुढे. बिचाऱ्याने वरून उडी टाकून जीव दिला, आणि तेव्हापासून त्याचा आत्मा जुन्या इमारतीच्या व्हरांड्यांतून हिंडतो आहे.

गोष्ट झकास आहे. पण तिची एकही वीट जागेवर नाही. हॉटेलची कल्पना जमशेटजी टाटांची. आराखडा केला तो रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी. इमारत पुरी होण्यापूर्वीच, १९०० साली, वैद्य वारले. त्यानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुशिल्पज्ञाने काम पुरे केले आणि १६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडले. म्हणजे साहेब आला तो मागाहून, आणि तोही दुसऱ्याचे अर्धे राहिलेले काम तडीस न्यायला. ‘आपला’ नकाशा उलटा झाला म्हणून त्याने जीव द्यावा, असे काही घडलेच नव्हते.

राहता राहिले उलट्या तोंडाचे. हॉटेलचे जुने प्रवेशद्वार शहराच्या बाजूला होते, आणि ते मुद्दामच तसे ठेवलेले होते. इमारतीची लांबलचक बाजू समुद्राकडे असल्याने पुष्कळ खोल्यांना समुद्र दिसतो. पाहुण्याला आणखी काय हवे? आज आपण गेटवे ऑफ इंडियापाशी उभे राहून हॉटेल पाहतो, म्हणून समुद्राकडची बाजू आपल्याला ‘पुढची’ वाटते. पण गेटवेचे उद्घाटन झाले १९२४ साली. हॉटेल उघडले तेव्हा त्याच्यासमोर गेटवे नव्हताच!

गंमत अशी, की हे भूत आपले खास मुंबईचेही नाही. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात केल्विनग्रोव्ह नावाचे कलासंग्रहालय आहे. ते १९०१ साली उघडले. तेथेही हीच कथा सांगतात : इमारत उलटी बांधली गेली आणि वास्तुशिल्पज्ञाने मनोऱ्यावरून उडी टाकली. प्रत्यक्षात त्या इमारतीच्या दोन वास्तुशिल्पज्ञांपैकी सर जॉन सिंप्सन हे १९३३ पर्यंत हयात होते. भूत एकच, बिऱ्हाडे दोन!

मात्र ग्लासगोला जी नुसती थट्टा आहे, तिला मुंबईत एक विषारी शेपूट फुटले आहे. आपल्या गोष्टीत नकाशा काढणारे डोके साहेबाचे आणि तो उलटा धरणारे हात देशी. शहाणपण त्याचे, गाढवपणा आपला. हे आपणच सांगतो, आणि वर हसतो. इंग्रज जाऊन पाऊणशेहून अधिक वर्षे झाली, पण हे भूत काही आपल्या मानेवरून उतरलेले नाही. मी वर्गातल्या मित्रांना विचारून पाहिले. साहेबाच्या उडीची गोष्ट पुष्कळांना ठाऊक होती. वैद्यांचे नाव एकालाही नव्हते.

कोणी म्हणेल, भुताची गोष्ट ती, तिला कसला इतिहास विचारता? मला हे मान्य नाही. पुण्याचा शनिवारवाडा घ्या. तेथे रात्री ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते म्हणतात. हाक खरी की खोटी ते असो. पण ३० ऑगस्ट १७७३ रोजी त्या वाड्यात कोवळ्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला, हे खरे आहे. बखरी न वाचणाऱ्या माणसालाही त्या हाकेने हा अन्याय अडीचशे वर्षे विसरू दिलेला नाही. चांगली भूतकथा ही अशी गावाची आठवण असते. ताजची कथा नेमके उलटे करते. जो असा मेलाच नाही त्याच्यासाठी ती हळहळते, आणि आपले काम पुरे झालेले पाहण्याआधीच जो गेला त्याला पुसून टाकते.

त्या वास्तूत माणसे खरोखरच मेली आहेत, हेही विसरू नये. नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात तेथे पाहुण्यांना वाचविताना हॉटेलच्या कर्मचाऱ्यांनी प्राण दिले. त्यांना कोणी उद्या व्हरांड्यातली भुते करू नये. त्यांची आठवण त्यांच्या नावांनीच राहावी.

म्हणून मित्रहो, सहलीत गोष्टी जरूर सांगा. शेकोटीभोवती भुताची गोष्ट नसेल तर ती सहल कसली? आपल्या कॉलेजांच्या जुन्या इमारतींतही एखादे भूत असतेच. त्याची गोष्ट सांगताना, ती इमारत कोणी आखली आणि कोणी बांधली एवढे ग्रंथालयात जाऊन पाहून या. आणि अपोलो बंदरावर कोणी साहेबाच्या उडीची कथा सुरू केली, तर त्याला मध्येच तोडू नका. ती पुरी होऊ द्या. मग एवढेच विचारा : सीताराम खंडेराव वैद्य हे नाव कधी ऐकले आहेस का?