पिल्ले वाटली, लसीच्या तारखा कोण पाळणार?

पडेगावच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात २१ दिवसांनी अंड्यातून पिल्लू बाहेर येते. १०० एकदिवसीय पिल्लांचा गट निम्म्या अनुदानावर देण्याची शासनाची योजना आहे. वाटप होते, छायाचित्रे निघतात, उद्दिष्टपूर्तीचा आकडा मुंबईला रवाना होतो. मग एके दिवशी मानमोडी येते आणि भूमिहीन बाईचे खुराडे दोन-चार दिवसांत ओस पडते. याला दैव म्हणावयाचे काय?

मानमोडी म्हणजेच राणीखेत. तिच्यावरील लस मुक्तेश्वरच्या संस्थेत १९४० च्या दशकातच सिद्ध झाली. महाराष्ट्राची स्वतःची लसनिर्मिती संस्था पुण्यात औंधला आहे. तेव्हा शास्त्र कमी पडले, ही सबब चालणार नाही. कमी पडतो तो वक्तशीरपणा, आणि या रोगात वक्तशीरपणा हीच निम्मी लस आहे. पिल्लाला आईकडून अंड्यातूनच काही प्रतिकारशक्ती मिळते. ती भरात असताना दिलेल्या लसीचा जोर तीच मोडून काढते. ती ओसरल्यावर उशीर झाला, तर रोगाला दार उघडे सापडते. म्हणून पहिल्या आठवड्यात डोळ्यात वा नाकात थेंब, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा मात्रा आणि आठ आठवड्यांनंतर टोचणी, असा क्रम ठरला आहे. मधल्या काळात गंबोरोची लस असते ती वेगळीच. साथ घरात शिरल्यावर लस घेऊन धावणे हा तर शुद्ध देखावा. त्या धावपळीत हातापायांवाटे रोगच घरोघर पोचतो.

कंत्राटी कुक्कुटपालनात या तारखा चुकत नाहीत. तेथे पक्षी कंपनीचा असतो आणि मेलेला पक्षी कंपनीच्या नफ्यातून वजा होतो. गरिबाची कोंबडी मेली, तर शासनाच्या कोणत्या खात्यात तूट पडते?

अधिकारी म्हणतात, कुपी एकदा फोडली की तासा-दोन तासांत संपवावी लागते, दहा कोंबड्यांसाठी ती कशी फोडावी? परसातल्या विखुरलेल्या कोंबड्यांपुरती ही अडचण खरी आहे. पण योजनेतला गट १०० पिल्लांचा, सारी एकाच दिवशी जन्मलेली, आणि कुपीही १०० मात्रांची मिळते! येथे नासाडीचा प्रश्न येतोच कोठे? विखुरलेल्या कोंबड्यांसाठीही वाट आहे. मोझांबिक, टांझानियासारख्या गरीब देशांत उष्णता बऱ्यापैकी सोसणारी लस गावातल्याच प्रशिक्षित स्त्रिया-पुरुषांनी ठरावीक महिन्यांनी घरोघर थेंबाने दिली. ते आपल्या बचतगटातील भगिनींना का जमू नये?

आपल्या साथींनी येत्या ग्रामसभांत अनुदानाच्या रकमेवर समाधान मानू नये. पिल्लांच्या पेटीबरोबर लसीच्या तारखांचा छापील कागद, त्या तारखांना लस घेऊन येणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव आणि बर्फाच्या डब्याची सोय, एवढे लेखी मागावे. ते मिळेपर्यंत वाटपाच्या समारंभाला टाळ्या वाजवू नयेत.