दोष चंद्राचा नव्हे

पौर्णिमा-अमावास्येला वेड बळावते, भुताखेतांचा संचार वाढतो, असे समज आजही अनेक घरांत आढळतात. चंद्र समुद्राला भरती आणतो, मग माणसाच्या अंगातील पाण्यालाही तो खेचणारच, असा युक्तिवाद केला जातो. तो टिकणारा नाही. हजारो किलोमीटर पसरलेल्या पाण्यावर चंद्राची ओढ ठिकठिकाणी कमी-अधिक पडते, म्हणून भरती येते. पाच-सहा फुटांच्या देहात हा फरक नगण्य असतो.

लोकसमजुतीही एकमेकींशी जुळत नाहीत. महाराष्ट्रात अमावास्येला नवे काम टाळतात. चेन्नईजवळील इरुंगाट्टुकोट्टैसारख्या कारखान्यांच्या तमिळ मुलखात मात्र अनेक जण तोच दिवस नव्या आरंभासाठी शुभ मानतात. मराठी घरांतील लक्ष्मीपूजनही अमावास्येलाच होते. चंद्र तर सर्वत्र एकच आहे. तेव्हा शुभाशुभ त्याच्यात नसून माणसाच्या मनात आहे, हे उघड होते.

कोजागरीचे दूध किंवा तिरुवण्णामलैची पौर्णिमेची प्रदक्षिणा यांत आनंद आहे, श्रद्धा आहे. त्यांना कोणाचा आक्षेप नसावा. मात्र मनोरुग्णाला ‘बाधा’ झाली म्हणून मांत्रिकाकडे नेले, की उपचाराचा मोलाचा काळ वाया जातो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तथापि केवळ कायदा पुरत नाही. तिथी पाहण्याआधी रुग्णाला डॉक्टरांना दाखवावे, हा विवेक घराघरांत रुजला पाहिजे.