आधी पैसे, मग कागद

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर आपल्या भागात कुणाला नव्याने सांगायला नको. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा एकदम फुगल्या. निपाणीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. इकडे मलप्रभा आणि घटप्रभेने रामदुर्ग, गोकाकची दैना केली. पाणी ओसरल्यावर मदतीचा ओघ लागला आणि त्यात जुन्या कपड्यांची गाठोडीही भरपूर होती. २००१ च्या भूकंपानंतर कच्छच्या रस्त्यांकडेला असेच ढीग पडले होते. देणाऱ्याची भावना चांगलीच असते. पण पाच वर्षांच्या पोराला कुणाची तरी ढगळ पॅन्ट काय कामाची?

आमचे म्हणणे एवढेच की संकटातल्या कुटुंबाला पहिल्या आठवड्यात रोख पैसा मिळावा, आणि तो घरातल्या बाईच्या हातात. धाकट्याला दूध हवे की तापाचे औषध, हे तिलाच ठाऊक असते.

सरकारी हिशेब पाहा. आपत्ती निधीच्या २०१५ ते २०२० च्या निकषांत छावणीबाहेरच्या आपद्ग्रस्ताला दिवसाला माणशी ६० रुपये होते, मुलामागे ४५. कपड्यांचे कुटुंबाला १,८०० आणि भांड्यांचे २,०००. २०२२ च्या निकषांत हे दोन्ही आकडे २,५०० झाले, आणि रोजचा भत्ता कुटुंबातल्या दोन प्रौढांना रोजगार हमीच्या मजुरीप्रमाणे ठरला. रक्कम वाढली हे खरे, पण मुलाच्या नावची ओळ गेली. चार लेकरांचे घर आणि नवरा-बायकोचे घर एकाच मापात! रोजकीर्द लिहिणाऱ्याला हे पटणार नाही.

राज्यांनी २०१९ मध्ये आपली भर घातली. कर्नाटकाने तातडीचे १०,००० रुपये जाहीर केले; महाराष्ट्राने खेड्यात १०,००० आणि शहरात १५,०००. पैसे मुख्यतः खात्यात यायचे. आम्ही काउंटरच्या आतली माणसे, म्हणून सांगतो. खाते घरधन्याच्या नावावर आणि तो कामाला परगावी. पासबुक चिखलात, आधार कार्ड वाहून गेलेले. चिखल उपसून बोटे सोललेली, त्यामुळे अंगठ्याचा ठसा यंत्र घेत नाही. कडेवरचे मूल रडत असते आणि आम्ही म्हणतो, उद्या या. खोट्या नावावर पैसे जाऊ नयेत म्हणून हे नियम आहेत, ते मोडा असे आम्ही म्हणत नाही. पण पहिले पाच हजार गावच्या शिक्षकांनी किंवा पोस्टमनने ओळखले एवढ्यावर द्यावेत, तपासणी पुढच्या हप्त्याला करावी. दोन-चार लबाड घेऊन जातील. जाऊ देत.

आता आपल्या मंडळाविषयी. पूरनिधी पावसाळ्याआधीच वेगळ्या बचत खात्यात हवा, दोन पदाधिकाऱ्यांच्या सहीने त्याच दिवशी काढता येईल असा. सभेची वाट पाहू नये. हिशेब नंतर जरूर मागावा. गाठोडी घेणे बंद करावे. वह्या-पुस्तके द्यायची तर इयत्ता आणि माध्यम आधी विचारावे, कारण कन्नड शाळेतल्या मुलाला मराठी पुस्तके पाठवून उपयोग नाही. आणि हो, अशी मुलेही आपल्या यादीत असावीत. काहींना हे रुचणार नाही. सीमाप्रश्नावरचे आमचे मत सर्वांना माहीत आहे, ते तसूभरही बदललेले नाही. पण पूरग्रस्तांच्या यादीत भाषेचा रकाना नको, असा ठरावच कार्यकारिणीने पुढच्या बैठकीत करावा. निधीची पहिली पावती आम्हा बँक कर्मचाऱ्यांच्या नावे फाडावी.