शब्द तेवढा बदला, साहेब

माझ्या एका जुन्या कादंबरीचे इंग्रजी भाषांतर चालू आहे. ते करणाऱ्या मुलीचा परवा मुदखेडला फोन आला. "काका, तुमचा पाटील गड्याला जातीवरून शिवी देतो. तिचे काय करू? हल्ली असे शब्द छापत नाहीत." उद्या सांगतो म्हणालो, रात्री झोप मात्र लागली नाही.

बँकेत सोनेतारणाचे काम माझ्याकडे असे. बारा मासे म्हणजे एक तोळा. अकराच भरले तर सोने उणे. त्यावरूनच जन्माने उणा ठरवलेल्या माणसाला आपण अक्करमाशी म्हणू लागलो. शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ साली तोच शब्द आपल्या आत्मकथनाला नाव म्हणून दिला. इंग्रजीत त्याचे 'द आउटकास्ट' झाले. अर्थ पोचला, तराजू मात्र इकडेच राहिला.

आमच्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातले लक्ष्मण गायकवाड. त्यांच्या 'उचल्या'ला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इंग्रजीत ते 'द ब्रँडेड' म्हणून आले. उचल्या म्हटले की आपण त्या माणसाच्या हाताकडे पाहतो; डागलेला म्हटले की डाग कोणी दिला, असा प्रश्न पडतो. इंग्रज सरकारने १८७१च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तोंडातला शब्द गेला नाही. दया पवारांचे 'बलुतं' भाषांतरित करताना जेरी पिंटो यांनी मात्र नाव तसेच ठेवले.

म्हणजे नियम एकच नाही. ज्याची जखम, त्याने ती उघडी करावी. तो त्याचा अधिकार. इतरांनी तो शब्द वापरताना आपण कोण, हे आधी पाहावे.

नोकरीत असताना एक म्हातारे खातेदार पासबुक घेऊन आले. पत्त्यात वस्तीचे जातीवरून पडलेले नाव होते. म्हणाले, "साहेब, घर तेच आहे, शब्द तेवढा बदला." मी नियम दाखवला, पुरावा मागितला. ते मुकाट्याने गेले. अशी नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने २०२० साली घेतला. मला तो त्या दिवशी, एका रेघेत घेता आला असता.

सकाळी कादंबरी काढली. पाटलाची शिवी पाटलाचीच होती; पण चार पाने पुढे, निवेदनात, वस्तीचे तेच नाव मीही सहज लिहून गेलो होतो. तिथे बोलणारा पाटील नव्हता, मी होतो.

मुलीला कळवले, "पाटलाची शिवी अजिबात मऊ करू नकोस, वाचणाऱ्याला ती लागली पाहिजे. माझ्या वाक्यातला शब्द मात्र बदल, आणि मूळ पुस्तकात मी काय लिहिले होते, ते प्रस्तावनेत माझ्या नावाने सांग."

ते म्हातारे आता नाहीत. पासबुकातली ती ओळ शेवटपर्यंत तशीच राहिली असणार.